बाई, वरचाच कापूस दाखवत आलो

बाई, आज रविवार. इथे दुपारचा एक वाजला म्हणजे धुळ्यात साडेचार. तुमचा चहा झालेला असणार, कप बाजूला सारून तुम्ही फोन समोर ठेवून बसलेल्या असणार. सवयीने मीही जेवण उरकून बसलो. दोन गोष्टी मनात जुळवून ठेवल्या होत्या, एक नदीच्या या काठाची, एक त्या काठाची. फोन हातात घेतला आणि मग आठवलं की तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले.

शाळेने निरोप पाठवलाय, बाईंच्या माजी विद्यार्थ्यांनी चार ओळी लिहून द्याव्यात. मी नववीत शाळा सोडलेला. माजी विद्यार्थी धरायचं की नाही हे तुम्हालाच विचारलं असतं. तुमचं गाव, नोकरी, किती वर्षं भूगोल शिकवलात, ते बाकीचे लिहितील. मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे आणि ती चार ओळींत बसत नाही.

हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं सांगतो. मी भडगावचा, तुमच्या तिथल्या शाळेतला. सात हंगाम झाले, आफ्रिकेत झांबिया देशाच्या दक्षिणेला एका जिनिंगमध्ये फिटर आहे. कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं इथे आपल्याकडच्यासारखीच आहेत, म्हणून माणसंही आपल्याकडची आणतात. कंपनीच्या गाडीने निघालं की झांबेझी नदीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की झिंबाब्वे.

पहिल्यांदा आलो तेव्हा घरी फोन केल्यावर लगेच तुम्हाला केला. तुम्ही म्हणालात, थांब, नकाशा काढते. तुमचा नकाशा तुमच्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांतला. त्यात हे दोन देश एकाच नावाचे होते, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. तुम्हाला केवढा आनंद झाला होता. "अरे सुभाष, हे तर आपल्यासारखंच. एक खान्देश होता, त्याचा पूर्व आणि पश्चिम केला. तुझं जळगाव आणि माझं धुळं. आता बघू या, तिकडचे दोघे कुठं कुठं पोचले."

मी जळगाव जिल्ह्याचा म्हणून लगेच तोरा मिरवला. आम्हाला रेल्वे मिळाली, केळी मिळाली, सोन्याचा बाजार मिळाला. धुळ्याला काय मिळालं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मुंबई-आग्रा महामार्ग मिळाला की. फक्त गाड्या थांबत नाहीत, एवढंच."

तेव्हापासून तो नियम लागला. दर रविवारी दोन गोष्टी सांगायच्या, दोन्ही काठांची एकेक. पेपरातली नको, मोबाईलवर आलेली तर नकोच. स्वतः पाहिलेली, नाहीतर ज्याने पाहिली त्याच्या तोंडून ऐकलेली. तुम्ही त्या एका जाड वहीत लिहून घ्यायच्या, डाव्या पानावर झांबिया, उजव्या पानावर झिंबाब्वे. मला वाटायचं म्हातारपणाचा विरंगुळा असेल. नंतर कळलं की मी शाळा सोडली तरी तुम्ही मला वर्गातून सोडलं नव्हतं.

आमचा जुना ऑपरेटर जोसेफ तुम्हाला फार आवडायचा. तो सांगायचा, त्याच्या तरुणपणी झांबियात तांब्याच्या खाणी होत्या आणि लोकांना वाटायचं आता आपल्याला कायमचं बरं आलं. मग तांब्याचा भाव पडला. दुकानं रिकामी झाली, मक्याच्या पिठाला रांगा लागल्या. तेव्हा जोसेफ आणि त्याची बायको पुलापलीकडे जाऊन साबण, तेल, पाव घेऊन यायचे. पलीकडे शेती होती, कारखाने होते, गावोगाव नव्या शाळा उघडत होत्या. तिकडचे दुकानदार यांना हसायचे. आणि आता तिकडचे लोक पाठीवर गाठोडी घेऊन इकडे येतात. तिकडे मोठ्या शेतांवरून गोऱ्या मालकांना हाकललं, कारखाने बसले, नोटेवर इतकी शून्यं चढली की आता ती नोट झांबेझीच्या मोठ्या धबधब्यापाशी प्रवाशांना गंमत म्हणून विकतात. "आता आमचे दुकानदार त्यांना हसतात," जोसेफ म्हणाला होता. मी तुम्हाला सांगितलं, म्हणजे बाई, झांबिया जिंकला.

तुम्ही ते लिहून घेतलंत. मग गिरणेचं सांगितलंत. पूर आला की गिरणा एका काठाची माती खाते आणि दुसऱ्या काठाला नेऊन घालते. ज्याची जमीन वाढते तो समजतो, आपण हुशार म्हणून वाढली. पुढच्या पुरात ती त्याचीही घेते. कोण पुढे, हा अर्धाच प्रश्न आहे, तुम्ही म्हणालात. कधी विचारतोस, हा उरलेला अर्धा.

पण एका बाबतीत तुम्ही हटायच्या नाहीत. पूर येवो, नोट बुडो, ज्यांनी शाळा बांधल्या त्यांच्या हातात काही उरतंच, असं तुमचं ठाम मत. आणि मी बरोबर तिथेच बोट ठेवायचो. आजूबाजूच्या देशांत शाळांसाठी नावाजलेला झिंबाब्वे, बाई. तिथला हमाल इंग्रजी पेपर वाचतो. मग तोच का आला इकडे गाठोडं घेऊन?

तेव्हा तुम्ही घरच्या बोलीवर, अहिराणीवर यायच्या. तुम्ही अहिराणीवर आलात की मी समजायचो, आता बाई चिडल्या. "हाऊ बठ्ठा वरना कापूस शे, भाऊ. पोटमा हात घाल."

हा सगळा वरचा कापूस, पोटात हात घाल, हे वाक्य माझंच होतं, तुम्ही माझ्यावरच उलटवायच्या. मी नववीत असताना दिवाळीनंतर मामाबरोबर जिनिंगला गेलो, आठ दिवस म्हणून, आणि मार्च उजाडला तरी शाळेत आलो नाही. तुम्ही मला न्यायला जिनिंगच्या फाटकातून आत आलात. रुई उडत होती. पांढरी साडी, केसांत रुई, तोंडाला पदर. बायका तुमच्याकडे बघून हसायला लागल्या. मला लाज वाटली, आणि लाज लपवायला मी शहाणपणा केला. कापसाची गाडी नुकतीच खाली झाली होती. मी तुम्हाला म्हणालो, बाई, हा ढीग बघा, कोरडा दिसतो ना? वरचा कापूस बघायचाच नसतो. वर वाळलेला टाकतात, आत पाणी मारलेला असतो. ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ भरून काढायची, मग खरं कळतं.

तुम्ही खरंच बाही सरसावलीत आणि हात घातलात. मूठ बाहेर काढून दाबून पाहिलीत. ओली होती. "हे तुला कुणी शिकवलं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, इथेच शिकलो, शाळेत नाही. बायका पुन्हा हसल्या. तुम्ही मूठ पुसलीत आणि परत गेलात. आपलं पहिलं भांडण ते. तिथेच थांबलं आणि तिथेच राहिलं.

मी त्या दिवशी जिंकलो असं मला तीस वर्षं वाटत होतं.

आता दिपालीचं सांगतो. ते सांगायलाच बसलोय आणि किती वेळ दुसरंच लिहीत राहिलो बघा.

माझी मुलगी दहावीला बऱ्या गुणांनी सुटली तेव्हा तुम्ही मला विचारलंही नाही. तिच्या आईला फोन केलात आणि सांगितलंत, धुळ्याला पाठव, सायन्सला घालू, माझ्याकडे राहील. दोन खोल्यांतली एक तिला दिलीत. मी लांब, बायको एकटी, पोरीची काळजी सतत असायची. ती तुमच्याकडे आल्यावर मी पहिल्यांदा इथे शांत झोपलो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्यात तसलं बोलायची पद्धत नव्हती, आपल्यात देश होते.

तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून रविवारचा फोन स्पीकरवर असायचा. हे मला माहीत होतं. दिपाली त्याच खोलीत असते हेही माहीत होतं.

जुलैतला तो रविवार. तुम्ही पुन्हा सतरा नंबरच्या फॉर्मचं काढलंत. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावी-बारावीला बसायचा तो फॉर्म. दर वर्षी पावसाळ्यात तुम्ही त्याची आठवण द्यायच्या, जसं काही पेरणीचं राहिलंय. हंगाम संपला की मार्चला तू भडगावातच असतोस, बस परीक्षेला, तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, बाई, वय त्रेचाळीस. तुम्ही म्हणालात, नातवंडं झालेल्या बायका बसतात. मी कोपऱ्यात सापडलो. मग मी नेहमीसारखा देश मध्ये घातला.

जिनिंगच्या गेटवर एक बाई बसते, मी म्हणालो. ग्रेस तिचं नाव, पलीकडची, झिंबाब्वेची. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं तिने. आता टोमॅटो आणि सुकी मासळी विकते. सगळे तिला अजून टीचर म्हणतात. आणि मग मी ते वाक्य टाकलं. त्या वाक्यावर मी किती खूश होतो तेही सांगतो, कारण ते फोन करायच्या आधीच तयार होतं. "शिकलेली विकते आणि हा नववीवाला विकत घेतो. लिहा बाई, उजव्या पानावर."

तुमच्याकडे ताटाचा आवाज झाला. दिपाली काहीतरी खात होती, ती हसली. तुम्ही हसला नाहीत.

पोळ्याला दिपाली भडगावला गेली आणि परत आलीच नाही. साडीच्या दुकानात उभी राहायला लागली. तिच्या आईने कारण विचारलं तर म्हणाली, पप्पा सांगतात तेच खरं आहे, शिकून टोमॅटोच विकायचे तर आत्तापासून विकते. बायको मला फोनवर म्हणाली, "पोर काय बोली ऱ्हायनी, माले काही समजत नही. तुमीच समजाडा." मी समजावलं. पण माझ्याच वाक्यासमोर मी काय समजावणार? ती मला माझंच ऐकवायची, झिंबाब्वेसकट.

तुम्ही मला एकदाही बोल लावला नाहीत. तेवढं तरी करायचं होतंत. फक्त म्हणालात, "बारावीच्या पटावरून तिचं नाव मी काढू दिलेलं नाही." दर सोमवारी रिक्षाने कॉलेजात जात होतात, ते दुखरे गुडघे घेऊन. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायच्या आणि आत जाऊन सांगायच्या, मुलगी आजारी आहे, येईल. तुम्ही, ज्यांनी आम्हाला गृहपाठाच्या एका खोट्यासाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं.

आणि दर रविवारी मला विचारायच्या, त्या टोमॅटोवाल्या बाईंचं अजून सांग. मी म्हणायचो, काय सांगायचं, विकते. तीन रविवार विचारलंत. चौथ्या रविवारी, म्हणजे शेवटच्या, तुमचा आवाज दमलेला होता. म्हणालात, "सुभाष, तू काहीतरी दाबतो आहेस. पोटात हात घातलायस तू, पण मूठ उघडत नाहीस."

मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो.

सोमवारी तुम्ही कॉलेजात जाऊन आलात. मंगळवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं नाही.

मला यायला जमलं नाही, बाई. हंगामाचे शेवटचे आठवडे. करिबा धरणातलं पाणी आटलं की वीज सारखी जाते, आली की मिळेल तेवढा वेळ यंत्रं चालवायची, आणि रोलर बसवणारा मी एकटा. गेलो असतो तर परत बोलावतील की नाही, ही धास्ती. सात वर्षं ती धास्ती उशाला घेऊनच झोपतो. तेच धरण दोन्ही देशांना वीज देतं. एका बाजूला अंधार झाला की दुसऱ्या बाजूलाही होतो. हे तुम्हाला त्या पुढच्या रविवारी सांगणार होतो, कारण डावं आणि उजवं पान तुम्हाला एकदा तरी एकसारखं लिहावं लागलं असतं. आणि ते सांगून ग्रेसची गोष्ट पुन्हा टाळणार होतो. मी ठरवूनच ठेवलं होतं.

तर ही मूठ. उशिरा उघडतोय.

दोन वर्षांपूर्वी इथे नवा मॅनेजर आला. त्याने सांगितलं की प्रत्येक फिटरने रोज इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. कोणतं यंत्र बंद पडलं, किती वेळ, कशामुळे. तोंडी मी कसंबसं निभावतो, पण लिहायचं म्हणजे संपलंच. बॅग भरायची वेळ आली असं समजलो होतो. तुम्हालाही तेव्हा काही कळू दिलं नाही.

ग्रेस संध्याकाळी टोमॅटो आवरले की गेटजवळच्या झाडाखाली कामगारांची मुलं घेऊन बसते. कापसाच्या गाठी बांधायच्या कापडाचे तुकडे आम्हीच फेकलेले असतात, त्यावर ती कोळशाने गणितं घालते. पैसे घेत नाही. मी तिच्याकडून टोमॅटो घेताना माझी अडचण अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत सांगितली. ती म्हणाली, पाच वाजता ये. मी त्या मुलांमध्ये पोत्यावर मांडी घालून बसलो, बाई. महिनाभर. रोलर झिजला. सुरीचं अंतर वाढलं. वीज गेली, यंत्र थांबलं. एवढंच तिने मला शंभर वेळा लिहायला लावलं. चुकलं की ती तुमच्यासारखी त्या शब्दावर बोट ठेवायची. माझी नोकरी टिकली ती त्या कापडाच्या तुकड्यांवर. घरी पैसे जात राहिले, दिपाली धुळ्याला जाऊ शकली, ते त्याच्यावर.

आणि मी त्याच बाईचं नाव घेऊन तुम्हाला टोमणा मारला.

तिला मी एकदा विचारलंही होतं, जुलैच्या आधीच. एवढं शिकून इथे बसावं लागलं, पश्चात्ताप होत नाही का? तिला राग आला नाही. टोमॅटोवरची धूळ पुसत म्हणाली, "देश मोडला म्हणून मी टोमॅटो विकते. शिकले म्हणून नाही."

हे मला ठाऊक होतं, बाई. फोनवर ते वाक्य फेकताना हे दुसरं वाक्य माझ्या पोटात होतं. ते सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असतात, आणि सतरा नंबरच्या फॉर्मला नाही म्हणायला मला तोंड उरलं नसतं. म्हणून वाळलेला कापूस वर टाकला आणि ओला आत ठेवला. जिनिंगमध्ये ज्याला लबाडी म्हणतात ती मी तुमच्याशी केली, आणि सगळ्यांत आधी ती माझ्या पोरीने विकत घेतली.

तुम्ही गेल्यावर आठवड्याने मी दिपालीला फोन केला आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. पोत्यावर बसल्याचंही. शेवटी तिने विचारलं, "हे बाईंना माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्या हरल्या."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली. बारावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायला चार दिवस बाकी होते. कॉलेजात कळलं, तिचं नाव कमी केलंय. हजेरी नाही, आणि सोमवारी येणाऱ्या त्या वयस्क बाईही आल्या नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे पुढची यादी लावली. ऑफिसातल्या माणसाची चूक नाही. त्याने दिपालीला तो बाक दाखवला. म्हणाला, इथे बसायच्या, पाण्याची बाटली घेऊन.

एक वर्ष गेलं, बाई. माझ्या एका वाक्यापायी. तुम्ही एकट्यांनी ते वर्ष त्या गुडघ्यांवर धरून ठेवलं होतं.

आज तुम्हाला फोन लावता आला नाही म्हणून तो हातात घेऊन बसलो होतो, तर साडेचारच्या सुमाराला, तुमच्या साडेचारला, फोन वाजला. दिपाली. तुमच्या भावाने तिला खोली उघडून दिली होती, ती तुमची ती जाड वही घेऊन बसली होती. म्हणाली, पप्पा, उजव्या पानावर जुलैतलं तुमचं वाक्य बाईंनी लिहिलेलंच नाही. जागा सोडलीय. समोर फक्त तारीख आहे, आणि पेन्सिलीने लिहिलंय, 'अजून सांगेल'.

ती म्हणाली, साडीच्या दुकानाला येणार नाही म्हणून सांगितलंय, धुळ्यात राहून अभ्यास करते, पुढच्या वर्षी बाहेरून बारावीला बसते. सतरा नंबरचा फॉर्म भरून. मग अगदी तुमच्यासारखं, चहाचा कप बाजूला सारल्यासारखं, तिने विचारलं, "पप्पा, दहावीचाही भरायचा का एक?"

एरवी मी लगेच एखादा देश मध्ये घातला असता. दोन तर कायम हाताशी असतात, नदीच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा. मी शोधलं, खरंच शोधलं. सापडला नाही.

"भर," म्हटलं.